समाधानकारक

“घ्या ना चहा. तुमच्याच बाईनं केलाय,” सरांची बायको म्हणाली आणि आपल्याच विनोदावर खळखळून हसली.

ट्रे घेऊन उभी होती ती बोलकी. महिला आधारगृहात आली तेव्हा तीन महिने तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. म्हणून तिथल्या बायकांनी तिचं हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. पहिला शब्द ती बोलली तो ताईंशी. ताई आधारगृहाच्या समुपदेशक. एकवीस वर्षं तेच टेबल, तीच खुर्ची, समोर बसणारी बाई तेवढी बदलायची.

आठ महिन्यांपूर्वी आधारगृहाचे अधीक्षक, म्हणजे सर, बोलकीला आपल्या घरी घेऊन गेले. त्यांची आई अंथरुणाला खिळली होती, तिचं सगळं करायला माणूस हवं होतं. फाइलीत या प्रकाराला ‘पुनर्वसन’ म्हटलं होतं. पुढच्या आठवड्यात वरून तपासणी यायची होती आणि प्रत्येक फाइलीत प्रत्यक्ष भेटीची नोंद हवी होती, म्हणून ताई आज पहिल्यांदाच या दिवाणखान्यात बसल्या होत्या.

“घरातलीच समजतो आम्ही हिला,” सरांची बायको म्हणाली.

घरातली होती ती उभीच होती. तिच्या बोटांची सालं निघाली होती आणि अंगाला फिनेलचा वास येत होता.

शेजारीण गप्पा मारायला आली होती. ती सोफ्यावर ऐसपैस बसून चहात बिस्किट बुडवत होती. सरांच्या बायकोनं तिच्याकडे वळून आवाज थोडा खाली आणला. खाली म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतकाच.

“हिच्या नवऱ्याचं सांगितलं ना मी तुम्हाला? इस्त्री हो, इस्त्री! भर दुपारी, पोराच्या देखत. अगं, वळ जरा. दाखव ताईंना. मी आणलेलं मलम लागू पडतंय की नाही, त्याच सांगतील.”

बोलकीनं ट्रे खाली ठेवला, पाठ वळवली आणि मानेमागच्या बटणाकडे हात नेला. का-कू केलं नाही, लाजली नाही. भांडी विसळावीत तसं रोजचं काम असल्यासारखा तो हात गेला. शेजारीण पुढे झुकली. भिजलेलं बिस्किट तुटून कपात पडलं, तिकडे तिचं लक्षही नव्हतं.

“राहू दे!” ताई एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की आतल्या खोलीतून म्हातारीनं हाक मारली.

‘पोराच्या देखत.’ आधारगृहात हे दोनच माणसांना ठाऊक होतं, बोलकीला आणि ताईंना. तिसरी ती फाइल. दार लोटून, खिडकी बंद करून ताईंनी तेव्हा तिला शब्द दिला होता, हे या खोलीबाहेर जाणार नाही. आणि आता ते इथं बिस्किटांबरोबर वाढलं जात होतं.

“मला तिच्याशी एकटीशी बोलायचंय,” त्या म्हणाल्या.

“इथंच बोला की. आमच्यापासून काय लपवायचंय?”

ताई उठल्या आणि बोलकीला घेऊन आत गेल्या.

म्हातारीच्या खोलीत औषधांचा आणि ओल्या चादरींचा वास कोंडला होता. खाटेखाली गुंडाळी करून ठेवलेली सतरंजी हेच बोलकीचं अंथरूण. दर दोन तासांनी म्हातारीची कूस बदलायची, मग तो रविवार असो की सण. घरचे बाहेर गेले की दाराला बाहेरून कडी. “म्हातारीच्या काळजीपोटी,” असं तिला सांगितलं होतं.

“तुम्हीच सांगितलंत ना यांना?” बोलकीनं विचारलं. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

सरांनी फाइल घरी आणली असणार, हे ताईंच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

“माझ्या फाइलीतून गेलं. म्हणजे माझ्याकडूनच गेलं.”

“येईल तो पाहुणा माझी पाठ बघून जातो, ताई. सरांचा मेहुणासुद्धा.” म्हातारीच्या अंगावरचं पांघरूण तिनं नीट केलं. “तुमचा दर महिन्याला फोन यायचा ना, तेव्हा मी तिथंच असायचे, दोन हातांवर. बाई म्हणायच्या, मजेत आहे. मला वाटायचं, आता तरी ताई म्हणतील, तिला द्या जरा फोन.”

आपण तसं एकदाही म्हटल्याचं ताईंना आठवलं नाही. फोन ठेवायचा आणि लिहायचं, ‘प्रगती समाधानकारक.’ साहेबांचं घर, तिथं कशाला खोदून विचारायचं! आठ महिने, आठ नोंदी, खाली आपली वळणदार सही.

“चल माझ्याबरोबर. आत्ता.”

“कुठं? परत सरांच्याच हाताखाली?”

“दुसऱ्या संस्थेत जागा बघते. दोन दिवस दे मला.”

“आठ महिने दिले की,” बोलकी म्हणाली आणि म्हातारीची कूस बदलायला वळली.

दुसऱ्या दिवशी सरांनी ताईंना केबिनमध्ये बोलावलं. स्वतः उठून खुर्ची पुढे केली. तो त्यांचा नेहमीचा गोडवा.

“बायको म्हणाली, काल तुम्ही जरा चिडलात. अहो बाई, आपण काय नुसती फाइलींची माणसं? जिला जगात कोणी नाही तिला मी घर दिलं.”

“घर नाही, सर. कामाला बाई हवी होती तुम्हाला. ती तुम्ही कपाटातून फाइल काढावी तशी आधारगृहातून काढलीत. आणि जोडीला तिचं दुःख नेलंत, पाहुण्यांच्या करमणुकीला.”

सर हसले. टेबलावरच्या फाइलीवर त्यांनी बोट टेकवलं. “आठ वेळा ‘समाधानकारक’ कोणी लिहिलंय? सही कोणाची? निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुमची. नवव्यांदा लिहा आणि सुखानं घरी जा. नाहीतर माझ्या आधी तुमचं नाव निघेल.”

त्यांच्या गोड आवाजाची ताईंना शिसारी आली. पण त्याहून जास्त आली ती स्वतःच्या सहीची. कारण माणूस खोटं बोलत नव्हता. शेण दोघांनी खाल्लं होतं. एकानं ताट भरून, दुसरीनं डोळे मिटून.

त्यांनी अहवाल हातानं लिहिला. पहिलं वाक्य स्वतःबद्दल: ‘मागील आठही नोंदी मी लाभार्थी महिलेला न भेटता केल्या असून त्या खोट्या आहेत.’ मग बाकीचं. बोलकीच्या पाठीबद्दल मात्र एक अक्षर लिहिलं नाही. कागद सरांकडे न देता त्यांनी थेट वरच्या कार्यालयात नेला आणि आवक कारकुनाकडून पोच घेतली. कारकून शिक्का मारता मारता म्हणाला, “बाई, स्वतःच्याच पायावर धोंडा मारताय की!”

“उशीरच झाला मारायला,” ताई म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी बोलकी एका पिशवीनिशी दुसऱ्या संस्थेत गेली. पुढं तिला एका रुग्णालयाच्या धुलाईघरात काम लागलं, राहायला खोली मिळाली, खोलीची किल्ली तिच्याच हातात. चौकशी बरीच लांबली. सरांची बदली प्रशिक्षण केंद्रात झाली, म्हणे नव्या पोरांना शिकवायला. काय शिकवतात, ते विचारायचं धाडस ताईंना झालं नाही. ताईंना समुपदेशनावरून काढून साठ्याच्या खोलीत बसवलं. चादरी, साबण, झाडू. त्यांनी तक्रार केली नाही. बंद खोलीत बायकांनी आपल्यापुढं मन मोकळं करावं, एवढा भरवसा त्यांचा त्यांनाच उरला नव्हता.

वर्षभरानं एका संध्याकाळी त्या बसथांब्यावर उभ्या होत्या. पलीकडून चार बायका आल्या, कामावरून सुटलेल्या. मधली हातवारे करून काहीतरी सांगत होती आणि बाकीच्या पोट धरून हसत होत्या. ती बोलकी होती.

बोलकीचं लक्ष ताईंकडे गेलं. वाक्य अर्ध्यात थांबलं.

या पेशात नव्यानं आलेल्यांना पहिल्याच आठवड्यात सांगतात, आधारगृहातली बाई रस्त्यात भेटली तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही. शेजारी कोण आहे, त्यांना काय ठाऊक आहे, आपल्याला कळत नाही. तिनं दाखवली तरच.

ताईंनी हात पिशवीवरून हलवला नाही.

“कोण गं?” एका मैत्रिणीनं विचारलं.

“कोणी नाही,” बोलकी म्हणाली आणि अर्धवट राहिलेलं वाक्य तिनं पुढं सुरू केलं. बायका पुन्हा हसल्या.

ताई मान वळवून रस्त्याकडे बघत राहिल्या. त्यांची बस आली, थांबली. त्या चौघीही तिच्यात चढताना दिसल्या, तशी ताईंनी ती बस जाऊ दिली.