सगुणाबाईंचा कळवळा

संध्याकाळची मालिका लागली की आमच्या किकवीतल्या सगुणाबाई पदर डोळ्याला लावूनच बसतात. मालिका पुण्यातल्या एका वस्तीतल्या पोरांची. त्या वस्तीत कुणी कामाला जात नाही. पोरं सकाळी उठतात ती थेट चाकू पुसायला बसतात, आया नुसत्या खोकतात आणि भिंतींना कधी रंग लागत नाही. नायक उठसूट पाण्याच्या टाकीवर चढतो आणि म्हणतो, ह्या गल्लीतून वाटा दोनच, एक तुरुंगाची, दुसरी मसणाची. अरे बाबा, गल्लीच्या तोंडाशी बसथांबा आहे, तो कुणी दाखवायचा?

मला ठाऊक आहे, कारण माझा भाचा सम्राट तसल्याच वस्तीत वाढला. माझी बहीण लग्नानंतर आमच्या माहेरच्या विंझरहून तिथं गेली. पोरगा रोज बस धरून कॉलेजला गेला आणि आता एका दवाखान्यात एक्स-रे काढतो. सगुणाबाईंच्या गायत्रीला तो आवडला, त्यालाही ती. आमच्याच समाजातलं स्थळ, म्हणून मध्यस्थी मी केली. साखरपुडा तेवढा राहिला होता.

पोरगा पुण्यात राहतो एवढंच ठाऊक असलेल्या सगुणाबाईंनी मग नेमका पत्ता विचारला. वस्तीचं नाव ऐकलं आणि त्यांचा चेहराच उतरला. पोरगा चांगला आहे, पण असल्या ठिकाणची पोरं कधी बिघडतील सांगता येत नाही, म्हणाल्या. तुम्ही कधी गेलाय का तिथं, मी विचारलं. जायला कशाला हवं, रोज बघतेय की, असं उत्तर आलं. चला, घर दाखवते म्हटलं, तर त्यांना शेतातली कामं आठवली. गायत्री आतल्या खोलीत रडत होती. तिच्या रडण्यामागं संगीत वाजत नव्हतं, मग आईला ते कसं ऐकू जाणार? माझं डोकं इतकं तापलं की चहा तसाच ठेवून मी निघाले.

काल पोरीसाठी पुन्हा गेले. मालिका चालूच होती. सगुणाबाईंनी हातानंच बसा म्हणून खुणावलं. पडद्यावर नायक मागणी घालायला गेला होता आणि मुलीच्या बापानं त्याला दारातूनच हाकलून दिलं. सगुणाबाईंना हुंदका आवरेना. शेजारी गायत्री मान खाली घालून भाजी निवडत होती.

“अक्काबाई, किती गुणाचं पोरगं हाय वो,” त्या म्हणाल्या. “निस्ती वस्ती बघून हाकललं. आता त्याला कुणी पोरगी देईल का?”

“न्हाई देत, सगुणाबाई. म्या तुमालाच इचारून बघितलंय.”