आप्पांच्या नावाचा घास

नळाला पाणी नसलं की सोसायटीतल्या माणसाला राग येतो, लिफ्ट बंद पडली की वैताग येतो. पण पोटात गोळा यावा असं आपल्या सिमेंटच्या जगात सहसा काही घडत नाही. म्हणूनच सीवूड्समधल्या खाडीकाठच्या त्या सोसायटीच्या ग्रुपवर एका संध्याकाळी कोल्ह्याचा फोटो आला, तेव्हा सगळ्यांची पाचावर धारण बसली. फोटो तिसऱ्या मजल्यावरच्या उज्वलाने काढला होता. खिडकीतून घाईघाईत काढलेल्या त्या फोटोत अर्धी भिंत, एक शेपूट आणि चमकणारे दोन डोळे एवढंच आलं होतं.

तेवढंही पुरेसं होतं. सोसायटीच्या मागच्या भिंतीला गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात भगदाड पडलं होतं. पलीकडे तिवरांची दाट झाडी आणि त्यापुढे खाडी. त्या भगदाडातून कोल्हा आत आला, हुंगत हुंगत भिंतीलगतच्या कट्ट्यापर्यंत गेला आणि आला तसा निघून गेला. खिडकीत उभ्या असलेल्या उज्वलाच्या डोळ्यांसमोर मात्र कोल्हा नव्हताच, तिची चारू होती. दुसरीतली पोर. रोज संध्याकाळी त्याच अंगणात झोपाळ्यावर खेळणारी.

दुसऱ्या दिवसापासून तो रोज तिथे दिसू लागला आणि झोपाळे रिकामे पडले. खाडीकडून कोल्हेकुई ऐकू आली की उज्वला उठून कड्या तपासायची. तिसऱ्या मजल्यावर कोल्हा कसा येईल, हे तिलाही कळत होतं. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस! नवरा अंकुश न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डात कामाला, त्याच्या पाळ्या चोवीस तासांतल्या कुठल्याही. घरात ती, चारू आणि सासूबाई सत्यभामा. मागच्या वर्षापर्यंत सासरे आप्पाही होते.

आणि आप्पांमुळेच उज्वलाला रोज दुपारी त्या मागच्या भिंतीपाशी जावं लागायचं.

आप्पांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. अंकुशने आईला सांभाळण्याचा शब्द दिला, धाकट्या दिराने साताऱ्याकडची जमीन न विकण्याचा शब्द दिला, तरी कावळे आपले झाडावर बसून टकामका बघत राहिले. ऊन चढलं, लोकांची चुळबुळ सुरू झाली. शेवटी उज्वलाने पुढे होऊन हात जोडले, "आप्पा, रोज तुमच्या नावाचा घास काढल्याशिवाय आमच्या घरात कुणी जेवणार नाही." आणि काय आश्चर्य! कावळा झपकन खाली आला. सुनेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं. सासऱ्याने लेकीसारखं वागवलं होतं तिला.

शब्द दिला खरा, पण घास ठेवायचा कुठे? बाल्कनीला ग्रील, वर कबुतरांची जाळी. म्हणून मागच्या भिंतीचा कट्टा. रोज पत्रावळीवर भात, वरण, भाजी. आप्पांना मटणाचा शौक, म्हणून रविवारी रश्शासकट चार फोडी. संध्याकाळी बघावं तर पत्रावळ चाटूनपुसून लख्ख! "आज आप्पा पोटभर जेवले," असं ती सासूबाईंना समाधानानं सांगायची. कोल्हा दिसल्यावरही तिने नेम मोडला नाही. धावत जायची, पत्रावळ ठेवायची आणि जिवाच्या आकांताने परत पळत यायची.

रविवारी सकाळी बिल्डिंगखाली मीटिंग भरली. चेअरमन उदयसिंह, मार्केटात कांद्या-बटाट्याचे व्यापारी, आवाज मुळातच खणखणीत.

"सोसायटी आपली की कोल्ह्याची? आज अंगणात आलाय, उद्या पार्किंगमध्ये बसेल. कायमचा बंदोबस्त पायजे!"

"कायमचा म्हणजे?" शेजारच्या विंगमधल्या संघमित्रा मॅडमनी विचारलं. त्या ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या. मूळच्या नांदेडकडच्या, बोलणं सावकाश. "भाऊ, त्याला मारणं गुन्हा आहे. आणि तो काही आपल्याला शोधत येत नाही. खाडीत खेकडे आहेत, उंदीर आहेत, त्याचं भागतंय तिथं. तरी रोज एकाच जागी येतोय, म्हणजे इथं त्याला कुणीतरी खाऊ घालतंय. आधी ते शोधा."

"कोण आहे तो? नाव सांगा! दंड लावा त्याला!" सगळ्यात मोठ्याने ओरडली ती उज्वला.

"नाव मला ठाऊक नाही. पण खाणं बंद झालं, भिंत बुजवली, तर त्याचा तो जाईल."

"आणि तोपर्यंत? तुमची मुलं मोठी झाली, मॅडम. माझी अजून खाली खेळते. तिला चावला तर तुमचं जीवशास्त्र येणार आहे का मदतीला?"

संघमित्रा मॅडमचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही. "भीती मलाही वाटते, उज्वलाताई. वाटायलाच पाहिजे. जंगली जनावर आहे ते, कुत्रं नाही. चावलं तर ताबडतोब इंजेक्शन घ्यावं लागतं. पण त्यालाही आपली तेवढीच भीती वाटते. दोघांनी एकमेकांना भिऊन लांब राहिलं, तरच हा शेजार टिकतो. त्याला आयतं खायला मिळालं की त्याची भीती मरते, आणि मग आपल्याला धोका."

कुणी ऐकून घेतलं नाही. भ्यालेल्या माणसाला शहाणपण सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. दोन-तीन दिवसांत गवंडी बघू, असं मोघम ठरलं आणि मीटिंग संपली.

दुपारी उदयसिंह उज्वलाच्या दारात आले. हातात कागदाची पुडी.

"गोदामात उंदरांसाठी आणलेलं औषध आहे, वहिनी. तुमच्याकडं आज मटण असेल. चार फोडींना लावून भगदाडापाशी ठेवा. कुणाला बोलायचं नाय. त्या मॅडमला तर अजिबात नाय."

उज्वलाचा हात पुडी घेताना कचरला. पण तिला पुन्हा ते दोन डोळे दिसले आणि त्यांच्यासमोर झोपाळ्यावरची चारू. सासूबाई आतल्या खोलीत लवंडल्या होत्या, चारू शेजारच्या मैत्रिणीकडे चित्रं काढत बसली होती. उज्वलाने ओट्याशी उभं राहून मटणाच्या फोडींना ते औषध चोळलं, पत्रावळीवर घेतलं आणि भगदाडापाशी ठेवून आली. आल्यावर तिने हात तीनदा धुतले. तरी वास जाईना.

त्या गडबडीत एक गोष्ट राहिली. वर्षभरात प्रथमच उज्वला आप्पांच्या नावाचा घास काढायला विसरली!

ऊन कलतीला लागलं तेव्हा पडल्या जागेवरून उठून तिने शेजारी हाक मारली. "चारू, चल गं घरी."

"ती तर मघाशीच गेली," मैत्रिणीची आई म्हणाली. "म्हणत होती, आजोबांचं काहीतरी राहिलंय."

उज्वलाला भगदाडापाशी ठेवलेलं मटण आठवलं. ती स्वयंपाकघरात आली. भाताच्या पातेल्यावरचं झाकण बाजूला होतं. ओट्यावर शितं सांडली होती. चारूची छोटी ताटली जागेवर नव्हती.

"आई! चारू खाली गेली!" ती किंचाळली आणि अनवाणीच जिन्याकडे धावली. लिफ्टची वाट बघण्याइतकाही धीर तिच्यात उरला नव्हता. प्रत्येक पायरीवर तिच्या तोंडून एकच शब्द निघत होता, "आप्पा, आप्पा, आप्पा..."

मागचं अंगण सामसूम होतं. कट्ट्याशी चारू उभी होती, दगडासारखी निश्चल. डाव्या हातात भाताची ताटली, उजव्या हातात मटणाची फोड. समोरच्या भगदाडात कोल्हा. दोघांमध्ये चार पावलांचंही अंतर नव्हतं.

उज्वला जागीच थबकली. कोल्हा चारूकडे बघत नव्हता. त्याचे डोळे ताटलीवर होते. कान मागे पडलेले, शेपूट पायांत, पुढचा एक पाय अधांतरी. पुढे यावं की पळावं, हे त्या बापड्यालाही समजत नव्हतं. तोही घाबरलेला होता, चारूइतकाच घाबरलेला!

आणि तो ताटलीकडे असा बघत होता, जणू ती रोजची त्याचीच होती.

उज्वलाला लख्ख कळलं. वर्षभर पत्रावळ चाटूनपुसून जाणारा कावळा नव्हता. कोल्ह्याला बोलावणारी, त्याला सोसायटीची वाट दाखवणारी, रविवारी मटणाची चटक लावणारी ती स्वतःच होती. सकाळी ज्याला दंड लावा म्हणून ती ओरडली होती, ते नाव तिचंच होतं.

"चारूऽऽ! टाक ते! टाक हातातलं!"

त्या आवाजासरशी कोल्हा उडाला आणि तिवरांत दिसेनासा झाला. चारूच्या हातातून ताटली खणकन पडली. उज्वलाने झडप घालून तिचा हात झटकला आणि फोड दूर उडाली. तिने पोरीचा जबडा उघडून बघितला.

"खाल्लंस? तोंडात घातलंस का? बोल ना गं, चाटलंस का बोट?"

चारू आता भोकाड पसरून रडायला लागली. तिला कोल्ह्याची भीती वाटली नव्हती तेवढी आईच्या चेहऱ्याची वाटत होती. "नाही मम्मी. तू आजोबांचा घास विसरलीस, म्हणून मी भात आणला. तर इथे मटण होतं. मला एक खायचं होतं, पण... पण आजोबांच्या आधी कसं खायचं? मी कावळ्याची वाट बघत होते."

उज्वला तिथेच मटकन खाली बसली. लेकराला छातीशी धरून ती हुंदक्यांनी गदगदली.

तिचा आक्रोश ऐकून संघमित्रा मॅडम धावत आल्या होत्या. एका नजरेत त्यांना सगळं उमगलं. चारूचे हात साबणाने खसाखसा धुतले आणि दोघींना रिक्षात घालून त्या दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी तपासलं, पुडीचा कागद मागवून वाचला, दोन-तीन तास पोरीला समोर बसवून ठेवलं. ते दोन-तीन तास उज्वलाने कसे काढले, ते तिचं तिलाच ठाऊक. चारूने साधी जांभई दिली तरी तिच्या काळजात धस्स व्हायचं. अखेर डॉक्टर म्हणाले, "पोटात काही गेलेलं नाही. घरी न्या."

पुडीचा कागद घेऊन धावत आलेले उदयसिंह बाहेर बाकड्यावर मान खाली घालून बसले होते. तो खणखणीत आवाज कुठल्या कुठे गेला होता. "वहिनी, माझी पण नात तिथंच खेळते," एवढंच ते पुटपुटले. मागोमाग पोहोचलेल्या सत्यभामाबाई नातीला कवटाळून देवाचं नाव घेत होत्या.

इकडे सोसायटीत भगदाडापाशी ठेवलेलं विषारी मटण, पत्रावळ, सांडलेला भात, सगळं संघमित्रा मॅडमच्या नवऱ्याने हातमोजे घालून पिशवीत बंद केलं होतं, जागा धुऊन काढली होती. एखादं मांजर, एखादा पक्षी, कुणाचाही जीव गेला असता.

दुसऱ्या दिवशी मीटिंग पुन्हा भरली. उज्वला सगळ्यांसमोर उभी राहिली.

"कोल्ह्याला मीच खाऊ घालत होते," ती म्हणाली. "नकळत. आणि काल ते विष ठेवलं, तेही मीच, जाणूनबुजून. कोल्हा माझ्या पोरीला काय करेल, या भीतीनं मी जे केलं, ते कोल्ह्यानं कधीच केलं नसतं. तो भुकेला होता. आंधळी मी झाले होते."

"पुडी मी दिली," उदयसिंह उठून म्हणाले. "माझ्याकडं पण बोट दाखवा."

कुणी बोट दाखवलं नाही. सत्यभामाबाईंनी नाकाला पदर लावला. "आवं, कोल्हा काकडीला राजी म्हंत्यात. आन् आमी त्येला वरीसभर मटान घातलं! मग कशाला जाईल त्यो?" त्यावर एवढ्या ताणातही लोक हसले.

उज्वला मात्र हसू शकली नाही. "पण आई, मी आप्पांना शब्द दिलाय. तो मोडू कसा?"

"आगं येडे, पन्नास वरीस संसार केला मी त्येंच्याबरूबर. नातीच्या जिवावर बेतलेला घास त्येंच्या घशाखाली उतरला आसता व्हय? शब्द मोडू नगस. जागा बदल."

त्या आठवड्यात गवंड्याने भगदाड बुजवलं. कचऱ्याच्या डब्यांना घट्ट झाकणं बसली. दिवेलागणीला लहान मुलांबरोबर एक मोठं माणूस असायचंच, असा नियम झाला. कोल्हा आजारी किंवा जखमी दिसला तर वनखात्याला कळवायचं. दगड नाही मारायचा, खाऊ नाही टाकायचा. उदयसिंहांनी तो फलक आपल्या हाताने लावला.

आता उज्वला दुपारी चारूचा हात धरून गच्चीवर जाते. ताटलीत एकच घास असतो. कावळा येईपर्यंत दोघी उभ्या राहतात आणि खाली सांडलेलं शीत न् शीत उचलून आणतात. कावळ्याला कधी उशीर होतो. चारू पाय बदलत उभी राहते, पण आजोबांच्या आधी जेवत नाही.

परवा संध्याकाळी खाडीकडून कोल्हेकुई आली. चारूने आईचा हात घट्ट धरला. "मम्मी, मला भीती वाटते."

"मलाही वाटते," उज्वला म्हणाली. "वाटू दे. तो त्याच्या घरात आहे, आपण आपल्या."

बंधूंनो आणि भगिनींनो, खाडीवर भराव घालून आपण राहायला आलो, ती तिवरं, ते कोल्हे आपल्या आधीचे रहिवासी. त्यांचा लळा लावून घेऊ नका, त्यांचा जीवही घेऊ नका. त्यांचं खाणं त्यांचं त्यांना शोधू द्या आणि आपलं उष्टं आपल्या दारात आवरा. भीती जरूर बाळगा, पण तिच्या हाती कधी विषाची पुडी देऊ नका. कारण दुसऱ्यासाठी मांडलेल्या त्या पत्रावळीपाशी सगळ्यात आधी कोण पोहोचेल, हे मांडणाऱ्याला कधीच ठाऊक नसतं!