मोकळे मास्तर

"तुम्ही बोलूही नका, काका. नगरपरिषदेच्या सुनावणीला नुसते व्यासपीठावर बसा," नगरसेविका म्हणाली.

मोकळे मास्तरांनी गुडघ्यांत मोटरसायकलची सीट दाबून धरली होती आणि ते तिच्यावर रेक्झिन ताणत होते. कड सुटली असती तर सुरकुती पडली असती, म्हणून स्टेपलर मारून होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

"मी बसून काय होणार?"

"तुमचा मुलगा गेलाय. तुम्ही समोर दिसलात की हेल्मेटसक्तीला विरोध करायची कुणाची छाती होणार नाही."

"म्हणजे मला दाखवून लोकांची तोंडं बंद करायची."

"मी तसं नाही म्हणाले."

"हेल्मेट सगळ्यांनी घालावं. मी पहिल्यापासून घालतोय. पण एखाद्याने नाही घातलं म्हणून पोलिसाने त्याची गाडी उचलून न्यायची, हे मला मान्य नाही."

"अजूनही?"

"अजूनही."

नगरसेविका उठली. पायरी उतरताना म्हणाली, "काकू येणार आहेत सुनावणीला. त्या बोलणार आहेत, आमच्या बाजूने."

मास्तरांना हे माहीत नव्हतं.

मोकळे हे त्यांचं आडनाव नव्हतं आणि मास्तर म्हणून त्यांनी कुणाला काही शिकवलेलंही नव्हतं. शिवणकाम करणारा म्हणून मास्तर, आणि "माणसाला जरा मोकळं सोडा हो" हे वाक्य दिवसातून कितीदा तरी तोंडी यायचं म्हणून मोकळे. बायकोला गल्लीतले लोक मास्तरीणबाई म्हणत. दोघांनाही त्याची सवय झाली होती.

तरुणपणी मास्तर एका छोट्या पक्षात होते. कुणी दुकान कधी उघडावं, भिंतीला कोणता रंग द्यावा, कुणी कुठे सभा घ्यावी, यात सरकारने नाक खुपसू नये, असं त्या पक्षाचं म्हणणं होतं. पुढे तोच पक्ष नगरपरिषदेत निवडून आला आणि बघता बघता त्याने विरोधकांना चौकात सभा घ्यायला बंदी केली.

"मास्तर, आता आपलं राज्य आलंय," जुने सोबती म्हणाले.

"म्हणूनच तर," मास्तर म्हणाले, आणि विरोधकांनी बंदी मोडून घेतलेल्या सभेला जाऊन पहिल्या रांगेत बसले. भाषणातला एक शब्दही त्यांना पटला नाही, पण ते शेवटपर्यंत उठले नाहीत. पक्षाने त्यांना काढून टाकलं. विरोधकांनी मोठ्या मनाने सत्काराला बोलावलं, तर तिथे मास्तरांनी उभं राहून त्यांच्या कार्यक्रमातल्या चुका काढल्या. त्यानंतर दोन्हीकडची गिऱ्हाइकं त्यांच्या दुकानावरून मान वळवून जाऊ लागली.

नगरसेविका येऊन गेली त्या संध्याकाळी ते घरी आले तेव्हा मास्तरीणबाई वाळलेले कपडे घडी करत होत्या.

"तू बोलणार आहेस म्हणे."

"हो."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर अडवलं असतंत?"

"नाही."

"मग झालं तर." त्यांनी चादरीची दोन टोकं जुळवली. "तुम्ही कधी कुणाला अडवत नाही. त्यालाही नाही अडवलंत."

मास्तर खुर्चीवर बसले. मुलगा लिफ्ट दुरुस्तीची कामं करायचा. गेल्या वर्षी कामावरून परत येताना पुलाजवळ त्याची गाडी घसरली. हेल्मेट आरशाला लटकवलेलं होतं.

"रोज सांगत होतो त्याला," मास्तर म्हणाले.

"सांगत होतात. आणि तो काय म्हणायचा? 'बाबा, डोकं माझं आहे ना? तुम्हीच तर म्हणता.' आणि तुम्ही हसायचात. बरं वाटायचं तुम्हाला, पोरगा आपल्यासारखा बोलतो म्हणून."

ते खरं होतं.

"कुणीतरी त्याला अडवायला हवं होतं. बापाने अडवलं असतं तरी चाललं असतं, पोलिसाने अडवलं असतं तरी चाललं असतं. शिव्या घालत घरी आला असता. पण आला असता."



पुढचे काही दिवस ते दुकानात कुणाशी वाद घालेनासे झाले. फोम कापायचा, रेक्झिन ताणायचं, सीट परत करायची, एवढंच. आपण मत बदललं तर घरातला अबोला संपेल, हे त्यांना दिसत होतं. आपण चुकत असू, हेही त्यांना अशक्य वाटत नव्हतं. पण आपला मुलगा गेला म्हणून मत बदलायचं, म्हणजे इतकी वर्षं दुसऱ्यांची मुलं जात होती तेव्हा आपल्याला काहीच वाटत नव्हतं, असा त्याचा अर्थ झाला असता. तसं नव्हतं. तेव्हाही वाटत होतं, आणि तेव्हाही मत हेच होतं.

सुनावणीच्या दिवशी नगरपरिषदेचं सभागृह भरलं होतं. मागच्या रांगांत मोटरसायकलवाले तरुण हेल्मेट न घालता आल्याचं मुद्दाम मिरवत उभे होते. मास्तरीणबाई माईकसमोर गेल्या. त्यांनी मोठं भाषण केलं नाही. आपला मुलगा काय काम करायचा, त्या दिवशी घरातून निघताना काय म्हणाला, दवाखान्यात त्याला ओळखायला किती वेळ लागला, एवढंच सांगू लागल्या.

"तुमच्या पोराच्या चुकीची शिक्षा आम्हाला का?" मागून कुणीतरी ओरडलं.

मास्तरीणबाई थांबल्या. मधल्या रांगेतून मास्तर उठले आणि मागे वळले.

"तिचं होऊ दे. तुमची बाजू मी मांडणार आहे, तोवर तरी गप्प बसा."

थोडी खसखस पिकली आणि विरली. मास्तरीणबाईंनी आपलं बोलणं पुरं केलं. मग मास्तर पुढे गेले. माईक त्यांच्या उंचीला खूप वर होता, तो त्यांनी खाली ओढला.

"आत्ता बोलल्या त्या माझ्या पत्नी. त्यांनी सांगितलं ते सगळं खरं आहे. मुलगा मोठा होता, कमावता होता. मला त्याच्या हातातली किल्ली हिसकावून घेता आली असती. मी घेतली नाही. ते माझ्या घरातलं आहे, ते माझं मी बघेन. पण बाप असून मी जे केलं नाही, ते करायचा अधिकार मी परक्या माणसाच्या हाती देणार नाही. आज हे मागतायत, उद्या..." ते थांबले. "उद्याचं राहू द्या. आजचंच पुरे आहे."

मागच्या रांगांत टाळ्या वाजल्या. मास्तर खाली उतरता उतरता खेकसले, "टाळ्या कसल्या वाजवता? जाताना हेल्मेट घालून जा."

"पोरगा गेला तरी ताठा जात नाही," मास्तरीणबाईंच्या शेजारची बाई पुटपुटली.

"त्यांना बोलायचं होतं, ते बोलले," मास्तरीणबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "तुम्हाला काय त्रास झाला?"

ठराव मोठ्या बहुमताने मंजूर झाला.

सक्ती सुरू झाली त्या सकाळी मास्तरांनी नेहमीसारखी गाडी बाहेर काढली आणि हेल्मेट हातात घेऊन ते बराच वेळ तिथेच उभे राहिले. समोरच्या बेकरीवाल्याने विचारलं, "काय मास्तर, चालू होत नाही का?"

"गाडी ठीक आहे."

"मग?"

"आता घातलं तर त्यांच्या हुकमाने घातल्यासारखं होतं."

"मग नका घालू. भरा दंड, तुमचं तर नावच आहे."

मास्तरांनी वर खिडकीकडे पाहिलं. खिडकीत मास्तरीणबाई उभ्या होत्या. "तिच्या डोळ्यांदेखत तसा जाऊ?" ते म्हणाले. गाडी आत लावून ते पायी दुकानाला गेले.

तेव्हापासून ते पायीच जात. गल्लीला काही दिवस चेष्टेला विषय मिळाला. सीट शिवायला आलेले लोक विचारत, "मास्तर, दुसऱ्यांच्या गाड्या सजवता आणि स्वतः चालत?" मास्तर म्हणत, "चालायला अजून परवानगी लागत नाही ना, म्हणून." दुकान चढावावर होतं आणि त्यांचे गुडघे आता पूर्वीसारखे नव्हते.

एका संध्याकाळी मास्तर रेक्झिनचा नवा गुंडाळा खांद्यावर टाकून बाजारातून दुकानाकडे निघाले होते. चढाच्या तोंडाशी मास्तरीणबाई उभ्या होत्या. त्यांनी गुंडाळ्याचं पुढचं टोक धरलं.

"द्या. मागचं तुम्ही सांभाळा."

दोघं चढायला लागली. ती पुढे, ते मागे. अर्ध्या वाटेवर रस्ता अरुंद होता आणि मागून गाड्या येत होत्या. मास्तरीणबाई कडेला थांबल्या. हेल्मेट घातलेली माणसं एकामागून एक शेजारून निघून गेली. मग मागे न बघताच त्या म्हणाल्या, "चला."