धातूत वाढणारी लाट

दहापैकी तीन. आणि बाजूला लाल शाईत शेरा, "चिन्ह चुकले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चुकलं असतं तर मुकाट्याने ऐकून घेतलं असतं. पण माझं चिन्ह बरोबर होतं. ज्या पुष्करला दहापैकी दहा मिळाले, त्याचं चूक होतं. त्याचंच कशाला, सगळ्या वर्गाचं चूक होतं.

ही गोष्ट २००३ सालची. मी राजनंदिनी, यवतमाळची. पुण्यात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते आणि नारायण पेठेत मंदाकिनी काकूंकडे कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरत्या भाड्यावर, राहत होते. पेपर होता गणिती पद्धतींचा, म्हणजे कॉम्प्लेक्स संख्या फिजिक्समध्ये कशा वापरायच्या त्याचा. याच पेपरच्या मार्कांवर आमचं डिपार्टमेंट एका, फक्त एका विद्यार्थ्याचं नाव उन्हाळी प्रोजेक्टसाठी एका संशोधन संस्थेकडे पाठवणार होतं. ती जागा मला हवी होती. दुसरं काही करायचं माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. पुष्करच्या हातात हिंजवडीच्या एका कंपनीचं ऑफर लेटर होतं. त्याला बायोडेटात आणखी एक ओळ हवी होती, बस.

पेपरातला हा दहा मार्कांचा प्रश्न साधा होता. रेडिओची लाट धातूत शिरली की तिचं काय होतं?

विझते. लहान मूलही सांगेल. गणिताने ते दाखवायचं असेल तर कॉम्प्लेक्स संख्या फार कामाच्या. त्यांच्यातल्या एका भागाला काल्पनिक म्हणतात, पण काम त्या खरं करतात. लाट किती पुढे सरकली आणि किती विझली, दोन्ही एकाच संख्येत मावतं. फक्त एक पथ्य पाळायचं. गणितात लाट म्हणजे गोल फिरणारा एक काटा; तो घड्याळाच्या दिशेने फिरतो असं धरायचं की उलट, हे आधी ठरवायचं. फिजिक्सवाले एक दिशा धरतात, इंजिनिअरिंगवाले दुसरी. कुठलीही धरा, शेवटी उत्तर एकच येतं. गाडी डावीकडून चालवा नाहीतर उजवीकडून, पण अर्ध्या रस्त्यात बाजू बदलू नका.

आमच्या सरांनी नेमकी अर्ध्या रस्त्यात बाजू बदलली होती.

दिगंबर लिमये सर मुळात आमच्या डिपार्टमेंटचे नव्हतेच. आमच्या मॅडम नवऱ्याच्या कंपनीमागोमाग अमेरिकेला गेल्या, त्यांची जागा कोणी भरली नाही, म्हणून तासावर सरांना बोलावलेलं. ते जन्मभर इंजिनिअरिंगच्या मुलांचे क्लास घेत आलेले. काल्पनिक भागासाठी आम्ही i लिहितो तिथे ते j लिहायचे. आमच्यासाठी नोट्स काढताना त्यांनी लाटेचं समीकरण फिजिक्सच्या पुस्तकातून घेतलं आणि धातूची कॉम्प्लेक्स संख्या आपल्या जुन्या क्लासच्या नोट्समधून. j खोडून i केला, पण चिन्ह तसंच राहिलं. मग शेवटच्या ओळीत मायनसच्या जागी प्लस आला. म्हणजे लाट धातूत शिरल्यावर विझायच्या ऐवजी वाढत गेली. जितका धातू जाड, तितकी लाट मोठी!

नोट्स कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मिळायच्या. वर्गाने त्या पाठ केल्या आणि जशाच्या तशा उतरवल्या. सरांनी आपलंच उत्तर पाहिलं आणि खूश होऊन मार्क दिले. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. मी लायब्ररीतल्या पुस्तकावरून स्वतः सोडवलं होतं, म्हणून माझी लाट विझली आणि सोबत माझे मार्कही विझले.

मी पेपर घेऊन स्टाफरूममध्ये गेले. सर चहा पीत होते.

"सर, धातूत लाट वाढून राहिली का?"

सरांनी कप खाली ठेवला. "'वाढून राहिली' नाही, 'वाढते आहे'. आपण आधी मराठी सुधारा, मग माझं चिन्ह सुधारायला या."

"माझी मराठी चुकली असंल, सर. लाट नाही चुकली."

"मॉडेल अ‍ॅन्सर पाहिलंत?"

"पाहिलं. तेच चूक आहे."

"असं का! मग आम्ही तीस वर्षं काय गोट्या खेळलो?" असं म्हणून सरांनी वर्तमानपत्र उघडलं. म्हणजे मी निघावं.

मी निघाले, पण दुसऱ्या दिवशी परत गेले. माझा पेपर, काकूंचा छोटा रेडिओ आणि घट्ट झाकणाचा त्यांचा स्टीलचा डबा घेऊन. काकू म्हणाल्या होत्या, "डबा परत आण हो. जीव गेला तरी चालेल, डबा नाही." स्टाफरूममध्ये लिमये सर होते आणि आमच्या विभागप्रमुख मॅडमही. मी रेडिओ लावला. बातम्या चालू होत्या. रेडिओ डब्यात ठेवला, झाकण दाबून लावलं. बातम्या बंद.

"झाकण लावल्यावर आवाज दबणारच," सर म्हणाले. "यात फिजिक्स ते काय?"

"आवाज दबला सर, पण खरखर येते आहे ना? कान लावा. रेडिओ चालू आहे. खरखर बाहेर येते, मग बातम्याच का येत नाहीत? कारण लाट आत पोचलीच नाही. तुमच्या नोट्सप्रमाणे बातम्या ओरडून ऐकू यायला हव्यात!"

सरांनी खरंच वाकून डब्याला कान लावला. बराच वेळ. मग सरळ झाले, माझा पेपर ओढून घेतला आणि ओळीमागून ओळ वाचत गेले. नोट्समध्ये जिथे बाजू बदलली होती त्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. त्यांना कळलं. मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं, त्यांना कळलं होतं. पण त्यांनी पेपर मिटून माझ्याकडे सरकवला.

बोलल्या मॅडम. "रिझल्ट लागलाय गं. आता सगळ्या वर्गाचे मार्क कापायचे म्हणजे पालक येणार, प्रिन्सिपॉल विचारणार. असं करू, दोन्ही उत्तरं बरोबर धरू. तुलाही दहा. बाकीच्या प्रश्नांत तुझे मार्क जास्त आहेतच, मग तू पुष्करच्या पुढे जातेस, नाव तुझंच जाईल. पण विषय इथेच संपला. वर्गात ब्र काढायचा नाही."

जागा माझ्या हातात आली होती. नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

"दोन्ही कशी बरोबर, मॅडम? एक विझते, एक वाढते."

"अगं, तुला जागा हवी आहे ना?"

हवी होती. इतकी, की रडू फुटत होतं. पण तेरी भी चूप मेरी भी चूप करून ती जागा घ्यायची, आणि तिथे जाऊन कोणाला काय सांगायचं? मी फिजिक्स शिकते आणि माझ्या कॉलेजात लाट दोन्ही प्रकारे चालते? मी म्हटलं, "दोन्ही बरोबर असतील तर माझे तीनच राहू द्या." डबा उचलला आणि बाहेर पडले. लिमये सर खिडकीकडे पाहत होते.

त्याच आठवड्यात पुष्करचं नाव गेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय?

जागाच गेली, मग ब्र न काढायचं मला काही कारण उरलंच नाही. शुक्रवारी सरांच्या तासाआधी मी फळ्यापाशी गेले आणि सगळं उत्तर लिहिलं. डावीकडे नोट्समधलं, उजवीकडे माझं. बाजू कुठे बदलली तिथे मोठा गोल केला. वर्गाला म्हटलं, "पाठ करा, खुशाल करा. पण काय पाठ करताय ते एकदा बघा." पुष्कर पहिल्या बाकावर मान खाली घालून बसला होता. तेवढ्यात मागे कोणीतरी खोकलं. लिमये सर शेवटच्या बाकावर बसले होते. कधी आले, कळलं नाही. मी डस्टर उचललं.

"पुसू नका," सर म्हणाले.

ते पुढे आले, माझ्या हातातून खडू घेतला आणि डावीकडच्या, स्वतःच्या, शेवटच्या ओळीवर आडवी काट मारली. मग वर्गाकडे वळून म्हणाले, "चूक माझी होती. यांचं बरोबर आहे. उतरवून घ्या." वर्गात कोणी हसलं नाही. पेनं चालू लागली.

मी जागेवर जाऊन बसले आणि मला अजूनच राग आला. हेच वाक्य तीन दिवस आधी, मॅडमच्या समोर, म्हणता आलं असतं.