पुरं प्लास्टर

कागदी पट्टी, फिकट निळी, चिकटवलेल्या टोकाशी थोडी चुरगळलेली—तिने उजव्या हाताची दोन बोटं तिच्याखाली सरकवून पाहिली. शिरली. मनगटावर काहीही बांधा, खाली दोन बोटं शिरली पाहिजेत. सव्वीस वर्षं हॉस्पिटलच्या प्लास्टर-रूममध्ये काढल्यावर हात असल्या गोष्टी मालकिणीला न विचारता करतात. काल बोटीवर चढताना स्वागताच्या मुलीने ही पट्टी बांधली, ‘काकू, एकट्याच?’ असं विचारत, आणि हिने हसून ‘एकटीच’ म्हटलं होतं—आयुष्यातली पहिली सहल, पहिली बोट, नाताळची सुट्टी, सगळं एकदम... आणि तेव्हाही दोन बोटं घालून पाहिली होती. फक्त त्याच्या चार तास आधी, घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर नवऱ्याच्या हातावर प्लास्टर चढवलं, तेव्हा पाहिली नव्हती.

फोन बशीशेजारी पालथा पडला होता. सकाळी सातला त्याचा निरोप आला होता: ‘बोटं सुजलीत. निळसर वाटतात. सरळ केली की कळ येते. गोळी कुठली घेऊ?’ एवढंच. प्लास्टर-रूममध्ये नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला ती पहिल्याच दिवशी शिकवायची—सूज, निळी बोटं, सरळ केली की कळ. ही तिन्ही एकत्र आली की गोळी देत बसायचं नाही, धावत जाऊन प्लास्टर उभं चिरायचं, नाहीतर आतलं मांस गुदमरतं आणि हात जन्माचा वाकडा होतो. एवढं लिहून पाठवायला अर्धं मिनिट पुरे. नऊ वाजले होते. तिने अंडं मागवलं.

एकट्या प्रवाशांना बोटीवाल्यांनी एकाच गोल टेबलावर बसवलं होतं, उरलेल्या भाज्या एका टोपलीत टाकतात तसं. आज तिथे ती होती आणि समोर एक निवृत्त लिफ्टदुरुस्तीवाले काका, तोंडाला खळ नाही. ‘नाताळात एकटी निघणारी माणसं दोनच जातीची,’ अक्रोडांची वाटी पुढे ओढत ते म्हणाले. ‘ज्यांना कुणी नाही ती, आणि ज्यांना कुणीतरी आहे ती. तुम्ही कुठल्या?’

‘दुसऱ्या.’

‘मग मजा करा. घरी काय ते तीन वाजेपर्यंत बोलून घ्या. नंतर किनारा सुटतो, फोन उद्या दुपारपर्यंत मुका.’ आणि त्यांनी अक्रोड चिमट्यात धरून दाबला.

तोच आवाज. नाही, तोच नाही—लोकांना वाटतं हाड वाळल्या काडीसारखं मोडतं, पण जिवंत हाड ओलं असतं, त्याचा आवाज बाहेर येत नाही, तो ऐकणाऱ्याच्या दातांत येतो. काल सकाळी तिच्या दातांत आला होता. बॅग भरून झाली होती, टॅक्सी सांगून ठेवली होती, आणि आठवडाभर नुसता हसत राहिलेला नवरा—‘एकटी? बोटीवर? तू?’—हसायचा थांबून लोखंडी कपाटापाशी गेला आणि तिचा पासपोर्ट काढायला त्याने आत हात घातला. ‘बस झाली थेरं,’ म्हणाला. ती कपाटाला टेकूनच उभी होती. दार लागलं. तो ओरडला. दार परत उघडलं, हात अजून तिथेच होता, आणि दार परत लागलं...

पहिल्यांदा दार लागलं. दुसऱ्यांदा मी लावलं. खांदा टेकवून, अंगातलं सगळं वजन टाकून लावलं.

काका सोललेला अक्रोड पुढे करत होते. तिने तो घेतला, तोंडात टाकला, छान आहे म्हणाली.

तिचा डावा हात अजून कोपरात पुरता सरळ होत नाही. अकरा वर्षं झाली. भाजीत मीठ जास्त पडलं होतं की कमी, तेही आता आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की त्याने तो हात धरून ओला कपडा पिळतात तसा पिळला, अगदी शांतपणे, पाढे म्हटल्यासारखं ‘परत करशील? परत करशील?’ विचारत. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच्याच प्लास्टर-रूममध्ये स्टुलावर बसली. मोठ्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. पिळलेलं हाड गोल जिन्यासारखं वळत वळत मोडतं, पडून मोडलेलं तसं मोडत नाही. हे त्यांना कळत होतं, तिलाही कळत होतं. ‘न्हाणीघरात पाय घसरला,’ ती म्हणाली. ‘न्हाणीघर जपून वापरत जा,’ डॉक्टर म्हणाले, आणि खोलीतले सगळे आपापल्या कामाला लागले.

आता न्हाणीघराची पाळी त्याची. पण तो हॉस्पिटलात जायचा नाही. बायकोने हात मोडला हे तो मेला तरी सांगणार नाही, आणि घसरल्याची गोष्ट सांगायचा तिच्याइतका सराव त्याला नाही. पोटची मुलगी त्याच्याशी बोलत नाही. म्हणजे त्या घरात या क्षणी एक सुजलेला हात आहे, त्या सुजेचा अर्थ कळणारं एकच माणूस आहे, आणि ते माणूस डेकवर आरामखुर्चीत ऊन खात पडलंय. मरू दे. मरणार नाही, हात जाईल. जाऊ दे. त्याच हाताने केस धरून तिचं डोकं बेसिनच्या कडेवर आपटलं होतं, त्याच हाताने तापलेली इस्त्री पाठीपासून चार बोटांवर धरली होती, ‘हलू नकोस’ म्हणत, आणि ती हलली नव्हती... दार तिसऱ्यांदा लागायला हवं होतं, चौथ्यांदा, पंचवीस वेळा, पासपोर्टची पानं रक्ताने एकमेकांना चिकटेपर्यंत. खाली पाणी बोटीच्या अंगावर आपटत होतं, आपटतच होतं, आणि ते ऐकून तिला बरं वाटत होतं. पलीकडे दोन बहिणी चेंडूवरून भांडत होत्या. थोरलीने धाकटीच्या कानफटात वाजवली, तशी हिची मूठ आपोआप वळली. आई येऊन दोघींना ओढत घेऊन गेली. मूठ मात्र बराच वेळ उलगडली नाही.

काल ती लगेच उलगडली होती. तो पांढराफटक पडून खुर्चीत बसला, हात मांडीवर आडवा, आणि ती जुन्या सवयीने म्हणाली, ‘अहो, हलवू नका.’ प्लास्टरचं सामान घरात होतंच. हाड ओढून जागेवर बसवलं तेव्हा तो घामाने निथळला, पण हात मागे घेतला नाही. जिने मोडला तिच्याच हाती त्याने तो दिला—या कामात तिचा हात धरणारं कुणी नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, कधी बोलला नव्हता एवढंच. ‘घट्ट बांध,’ म्हणाला. ‘हलता कामा नये.’ लग्नाला एकतीस वर्षं झाली, त्याचा शब्द तिने कधी खाली पडू दिला नव्हता.

दुपारी नाताळच्या जेवणाला भलामोठा भाजलेला पक्षी आणला गेला. उंच टोपीवाल्या आचाऱ्याने तंगडी सांध्यातून उलटी वळवली आणि सुरी न लावताच सुटी केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सांधा स्वच्छ निघाला होता, तिने मनात दाद दिली. सव्वादोन वाजले होते. घाई होती हो, ती मनाशी म्हणाली. टॅक्सी दाराशी, कापूस संपत आलेला, म्हणून प्लास्टरखाली तीन थरांच्या जागी एकच घातला. घाईत कुणाचंही चुकतं... पण घाईत माणूस कमी काम करतं, जास्त नाही. आणि ताज्या मोडलेल्या हाडावर पुरं प्लास्टर घालतच नाहीत, अर्धं घालतात, खालून आधार आणि वरून नुसती पट्टी, सुजेला जागा राहावी म्हणून. अर्ध्याला पाच मिनिटं लागतात, पुऱ्याला वीस. टॅक्सी दाराशी उभी असताना मी वीस मिनिटं घेतली. गोल गोल गुंडाळत गेले, एकेक फेरा तळहाताने गुळगुळीत करत. आणि कापसाची नवी गुंडाळी ड्रॉवरमध्ये होती, मला दिसत होती, तो ड्रॉवर मी पायाने लोटून बंद केला. दार तर रागात लावलं. रागाचं काय, राग कुणालाही येतो. प्लास्टर मी शांतपणे घातलं.

‘ताई, बरं वाटत नाही का?’ लिफ्टवाले काका विचारत होते. ‘पहिल्यांदा बोट लागते काहींना.’

‘छान वाटतंय,’ ती म्हणाली. ते खरं होतं. आणि खरं होतं म्हणूनच ती ताट तसंच टाकून उठली आणि जवळजवळ धावत डेकवर गेली. पावणेतीन. किनाऱ्यावरच्या इमारती बुटक्या होत चालल्या होत्या.

पहिल्याच घंटीला त्याने फोन उचलला. एरवी तो मुद्दाम वाजू द्यायचा.

‘अगं...’ म्हणाला आणि थांबला. मग जपून, जमिनीचा अंदाज घेत पाऊल टाकावं तसा बोलला, ‘बोटं आता कळतच नाहीत. थंड पडलीत. तू चिडली असशील, पण... सांग ना, काय करू मी?’

हा आवाज तिच्या ओळखीचा होता. वाढू का, असं ती इतकी वर्षं त्याला याच आवाजात विचारत आली होती. उत्तर जिभेवर होतं—शेजाऱ्यांना हाक मारा, हॉस्पिटलात जा, प्लास्टर उभं चिरून घ्या, आत्ताच्या आत्ता. त्यासाठीच तर फोन केला होता. ती काही त्याच्यासारखी नव्हती.

‘ऐकतेयस ना?’ तो म्हणाला. पलीकडून श्वास येत होता, आखूड, दमलेला.

ती ऐकत होती. इतकं मन लावून तिने त्याचं कधीच ऐकलं नव्हतं. वाऱ्यात त्याचा एकही शब्द सांडू नये म्हणून तिने दुसऱ्या कानावर तळवा दाबला आणि डोळे मिटले. मी सांगणार होते, नक्की सांगणार होते. फक्त आणखी एकदा विचारा, ती मनात म्हणाली. मघाच्याच आवाजात.