दोघांपुरता स्मोकर

२०२३ साली ह्यांनी लाकडी गोळ्यांच्या धुरावर मटण भाजणारा स्मोकर घ्यायचं ठरवलं. इकडे उत्तरेत, आमच्या अलीगंज भागातल्या दुकानदाराने विचारलं, "अंकल, घर में कितने लोग?"

"आठ."

"अहो, आपण दोघंच ना!" मी सगळ्यांसमोर हसले.

ह्यांचे कान लाल झाले. "छोटा दे दो, भैया."

होळीला आमचा अमोघ बंगळुरूहून बायको, दोन्ही मुली आणि सासू-सासऱ्यांना घेऊन आला. ह्यांनीच गुपचूप बोलावलं होतं. आठ ताटं मांडली, पण मटण चौघांनाही पुरेना.

"आजोबा, इतना छोटा क्यों लिया?" नातीने विचारलं.

"माझंच चुकलं गं," हे म्हणाले. विहिणीसमोर माझी मान वर होईना.

अमोघ बंगळुरूलाच स्थायिक झाला. नाती फोनवर भेटतात. हे गेल्या वर्षी गेले. मला एकटीला आता तो छोटा स्मोकरही मोठा होतो.