भांडी मावू नयेत असं कपाट

मित्रांनो, मी एक जुनं पुस्तकांचं कपाट आहे, असं म्हणायला आज माझी जीभ रेटत नाही. माझ्यात पुस्तक एकही नाही. वरच्या फळ्यांवर डिनर सेट आहे, खाली औषधांचा डबा, इस्त्री आणि पाहुण्यांसाठीच्या चादरी. येणारेजाणारे मला शोकेस म्हणतात. म्हणोत बापडे.

मला घडवून घेतलं ते एका परिचारिकेनं. ती प्रसूतीच्या वॉर्डात काम करायची आणि सगळे तिला सिस्टर म्हणायचे. लग्नानंतर नवराही थट्टेनं तेच म्हणू लागला. नोकरी लागल्यावर तिच्या मैत्रिणींनी दागिने केले, हिनं सुताराला गाठलं. फळ्या जरा खोल करतो, पुढेमागे भांडी ठेवता येतील, असं तो म्हणाला. तेव्हा ती म्हणाली, "भांडी मावता कामा नयेत, असंच करा." हे ऐकून मला किती मोठेपणा वाटला म्हणून सांगू!

ड्यूटीवरून येताना ती जुन्या पुस्तकांच्या गाड्यांवरून काहीतरी उचलून आणायचीच. प्रवासवर्णनं, रहस्यकथा, नाटकं, मुखपृष्ठ हरवलेलं पक्ष्यांचं एक पुस्तक. पाठ उखडलेल्या पुस्तकाला ती खळीनं गॉजची पट्टी चिकटवायची, अगदी जखम बांधावी तशी. "आज कुणाचं बाळंतपण?" असं नवरा विचारायचा. आमच्या हिला दोन माहेरं आहेत, एक तिच्या आईचं आणि एक या कपाटात, असं तो चारचौघांत सांगायचा. स्वतः तो वर्तमानपत्रापलीकडे काही वाचत नसे, पण नवं पुस्तक आलं की फळीवर जागा तोच करून द्यायचा. भला माणूस होता.

मुलगा झाला. तो जरा मोठा झाल्यावर सिस्टर माझ्या दाराला पाठ टेकून जमिनीवर बसायची आणि त्याला मांडीत घेऊन वाचून दाखवायची. गमतीचा भाग आला की तो उचकी लागेपर्यंत हसायचा. त्याच्या डोक्याचं तेल माझ्या काचेला लागायचं आणि ती पदरानं ते पुसायची. म्हणून सांगतो मित्रांनो, पुस्तकांची किंमत त्याला माहीत नव्हती असं कुणी म्हणू नये. त्याला माहीत होती.

पुढे नवरा गेला. मुलाचं लग्न झालं आणि सगळे फ्लॅटमध्ये राहायला आले. इथे एक भिंत माझ्या वाट्याला आली. नातीला खोकला जडला तेव्हा डॉक्टरांनी धुळीपासून जपायला सांगितलं. त्या दिवसापासून सिस्टर तोंडाला फडकं बांधून एकेक पुस्तक बाल्कनीत नेऊन पुसू लागली. गुडघे दुखायचे, तरी ते काम तिनं दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

मग एक दिवस ती जिन्यात घसरली. खुब्याचं हाड मोडलं आणि तिला इस्पितळात ठेवावं लागलं.

त्याच आठवड्यात मुलानं मला रिकामं करायचं ठरवलं. सून म्हणाली, "आईंना घरी येऊ दे. मग विचारू त्यांना."

"विचारलं तर ती नाहीच म्हणणार," तो म्हणाला.

त्यानं एका वाचनालयाला फोन केला. जागा नाही, असं उत्तर आलं. दुसऱ्या वाचनालयाला त्यानं फोन केलाच नाही, रद्दीवाल्याला केला. पोती भरायला लागली. पट्ट्या लावलेली पुस्तकं रद्दीवाल्यानं बाजूला फेकली, त्यांचे पैसे मिळणार नाहीत म्हणाला. मुलानं त्यातलं एक उचललं, उघडलं आणि उभ्याउभ्या वाचू लागला. वाचता वाचता तो चक्क हसला. मला वाटलं, आता हा थांबेल. त्यानं पान उलटलं, पुढचंही वाचलं, आणि पुस्तक मिटून पोत्यात टाकलं.

तिकडे इस्पितळात सिस्टरनं त्याच्याकडे एक प्रवासवर्णन मागितलं होतं. दुसऱ्या फळीवर, डाव्या हाताला, असं तिनं नीट सांगितलं होतं. त्यानं दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं की सापडलं नाही. सून हे शेजारणीला सांगत होती तेव्हा मी ऐकलं. सांगताना तिला माझ्याकडे बघवत नव्हतं.

सिस्टर वॉकर धरून घरी आली. घर बघ किती मोकळं झालं, असं मुलगा म्हणाला आणि तिची बॅग ठेवायला आत गेला. ती माझ्यासमोर उभी राहिली. ताटं फळीच्या बाहेर येत होती, त्यामुळे माझं दार लागत नव्हतं. तिनं ते ढकलून पाहिलं. पुन्हा ढकललं. मुलगा बाहेर आला तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "मला विचारलं का नाहीस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे तुला माहीत होतं."

ती ओरडली नाही, रडली नाही. जेवायला बसली. त्या डिनर सेटच्या ताटातच तिला वाढलं होतं, तेही तिनं खाल्लं.

काही दिवसांनी तिची वॉर्डातली मैत्रीण भेटायला आली आणि येताना एक पुस्तक घेऊन आली. सिस्टरनं ते अधाशासारखं वाचून काढलं. वाचायची भूक कुठे जाते हो? पण मैत्रीण परत आली तेव्हा सिस्टरनं ते पुस्तक तिच्या पिशवीत घातलं. अगं, असू दे तुझ्याकडे, एवढं कपाट आहे, असं मैत्रीण म्हणाली. मुलगा तिथेच बसला होता.

"नको," सिस्टर म्हणाली. "दुसरं आण. वाचेन आणि परत देईन. या घरात पुस्तक ठेवायचं नाही मला."

मित्रांनो, पुस्तकं जुनी होतात, घरं लहान पडतात, लेकरांना खोकला होतो. हे सगळं मला कळतं. काढून टाकायचीच झाली तर टाका. पण ज्याची आहेत त्याला आधी विचारा. आणि विचारलं तर नाही म्हणेल अशी भीती वाटली, तर तेच त्याचं उत्तर समजा आणि हात मागे घ्या.